अंगठ्याखालचा खटका

८ डिसें., रवि

पार्सल आलं! सं. म्हणाला, "साडी का?" सोळा वर्षं संसार करून संजयरावांना बायकोबद्दल एवढंच कळलंय. साडी नाही, मोटारसायकलच्या हँडलवर चढवायच्या गरम मुठी. वरून साधं काळं रबर, आत तारांची जाळी, गाडीच्या बॅटरीवर तापतात. यापुढे इथे नुसतं ग.मु. लिहीन.

डबा उघडल्या उघडल्या जेवणाच्या टेबलावरच जुन्या बॅटरीला लावल्या. मिनिटाभरात कोमट. तीन मिनिटांत अशा, की सोडवत नाहीत. सं. नरडाण्याच्या कारखान्यात पॅनल जोडतो, त्यामुळे आनंद व्हायच्या आधी त्याला वायर दिसते. "वायर बारीक दिलीय," म्हणाला. म्हणाला खरं, पण वरण गार होईपर्यंत मुठी धरून बसला होता.

खोट एकच. सोबत आलेला स्विच. नखाएवढं गुळगुळीत बटण. एकदा दाबलं की लाल, मग पिवळा, मग हिरवा, मग बंद. जाड हातमोजा घालून दाबलं तर दाबलं गेलं की नाही तेच कळत नाही, खाली वाकून दिवा बघावा लागतो. पहाटेचं धुकं, पुढे कापसाची गाडी, आणि मी खाली दिवे बघतेय! जमणार नाही. हे बटण बाद. दुसरा स्विच शोधायचा, अंगठ्याला न बघता कळेल असा.

१० डिसें., मंगळ

कडाका. शेकोट्यांचा धूर रस्त्यावर बसून राहिलेला. घरापासून दवाखाना सव्वीस कि.मी., हातमोजे एकावर एक दोन. तरी पोचले तेव्हा बोटं लाकडाची. कुलपाची किल्ली दोन तळहातांत धरून फिरवली. गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून सगळं काम हातांचं, आणि सकाळचा पहिला अर्धा तास मला हातच नसतात.

दुपारी सखरअक्काच्या गोठ्यात. चांदीला तपासलं. उत्तम आहे. ९ एप्रिलला मीच भरवलेली, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे विणार. अक्का नेहमीसारखी, "च्या पिईसन जा, डाक्टरबाई." मी डॉक्टर नाही हे हजारदा सांगून झालं. अक्का ऐकत नाही. मागच्या वर्षाबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही, आणि मला तेच बोचतं.

एकदा लिहूनच टाकते. गेल्या जानेवारीत पहाटे तिचा फोन आला, चांदी अडलीय. मी गाडी दामटली. पोचले तेव्हा बोटांना काही कळत नव्हतं. हात घातला, वासराच्या तोंडात बोट दिलं. जीव असेल तर ते बोट चोखतं. मला काही लागलं नाही. "गयं, अक्का," म्हणाले. मग घाई केली नाही. गाईला जपत, सावकाश काढलं. बाहेर आलं आणि त्याने दोन श्वास घेतले. दोनच. अक्का पाण्याची बादली घ्यायला वळली होती. मी कुणाला सांगितलं नाही. सं.लाही नाही.

चोखत असणार ते. माझ्या बोटाला कळलं नसणार.

लोकांना सांगते शौक म्हणून ग.मु. घेतल्या. तसंच समजू दे त्यांना.

१४ डिसें., शनि. जळगाव

आजचा दिवस!! मामेबहिणीचा साखरपुडा. आम्ही वेळेवर पोचलो, म्हणजे आम्ही एकटेच पोचलो. मुलाकडचे मुक्ताईनगरहून निघालेच नव्हते. सं.ला मामाच्या गप्पांत अडकवलं आणि मी सटकले. थेट स्टेशनजवळ, कांतीशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले तेव्हापासून तीच लाकडी कपाटं असावीत. प्रत्येक कपाटात खोके, प्रत्येक खोक्यात स्विच. मला तिथेच राहायला दिलं तरी चालेल.

"या ताई. लग्नाच्या माळा दाखवू?"

"टॉगल दाखवा."

शेठने माझ्या जरीकाठाकडे बघितलं, नाकातल्या नथीकडे बघितलं. "टॉगल? कशासाठी?"

मी पर्समधून मोटारसायकलचे हातमोजे काढले आणि चढवले. शेठनी एक ट्रे भरून समोर ठेवला. मी डोळे मिटले आणि एकेकाला हात लावत गेले.

कूलरचा चपटा स्विच: मोज्यातून नुसता सपाट. बाद. मिक्सरचा फिरवायचा: फिरतो छान, पण दोन बोटं लागतात, क्लच कोण धरणार. बाद. फवारणीच्या पंपाचा गोल: मला आवडला होता, पण बोट घसरतं. शेठ म्हणाले, "ताई, बाकी गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून माल घेतं." मी म्हटलं, "मला डोळे मिटूनच वापरायचाय." हे ऐकल्यावर गडी रंगात आला. स्वतः शिडी चढले आणि मागच्या खोक्यातून एक काढला.

धातूची दांडी, मुळाशी रबरी टोपी. "बोअरच्या पॅनलला जातो हा. पाणी आत जाणार नाही. वर एक, खाली एक, मधे बंद."

खट्ट.

अंगठ्याला कळलं! मोज्यातून, डोळे मिटून, स्वच्छ. वर. मध्ये. खाली. मी दहा वेळा केलं असेल. मग शेठनी माझा डावा हातमोजा मागितला, चढवला, डोळे मिटले आणि खट्ट खट्ट सुरू. "अरे वा! ताई, हे तर मस्त काम आहे!" दुकानात आलेले दोघे घरच्या फ्यूजसाठी ताटकळत होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

एक घेतला. परत जाऊन दुसराही घेतला, असू द्या. मांडवात पोचले तेव्हा ओटी भरणं चाललं होतं. मामी म्हणाली, "कुठे होतीस ग? आणि हाताला काय झालंय?" उजव्या हातातला मोजा काढायचा राहिलेला.

१५ डिसें., रवि

सं.ला स्विच दाखवला. आधी नाक मुरडलं, मग पालथा करून मागचे सहा पाय मोजले आणि बाईसाहेबांना शाबासकी मिळाली. सहा पाय आहेत म्हणून एक युक्ती होते म्हणे: खटका वर केला की दोन्ही मुठींना बॅटरी वेगवेगळी मिळते, म्हणजे पूर्ण गरम. खाली केला की एकीतून दुसरीत जाते, म्हणजे कोमट. जास्तीचं काहीच लागत नाही. वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं त्याने. मला पहिल्या फटक्यात समजलं, याचा मला गर्व आहे, त्याला आश्चर्य.

"पण चावीवर घ्यायचं," म्हणाला. म्हणजे मध्ये रिले टाकायचा, गाडीची चावी बंद केली की मुठी आपोआप बंद. रिले मी आणतो म्हणाला.

आणेल तेव्हा खरं.

१९ डिसें., गुरु

रिले नाही. कारखान्यात काम वाढलंय म्हणे. मी वाट बघत बसणारी आहे का? संध्याकाळी अंगणात जुन्या मुठी ब्लेडने कापून काढल्या. डावी ग.मु. साबणाच्या पाण्यावर सर्रकन बसली. उजवीने घाम काढला. ती रेसच्या नळीवर बसते आणि नळी फिरते, त्यामुळे वायरला सैल वळसा हवा. मी घट्ट बांधली. रेस दिली आणि सोडली, तर सुटेचना! गाडी स्टँडवर उभ्या उभ्या बोंबलतेय, शेजारच्या काकू गच्चीवर. चावी काढली तेव्हा जीव भांड्यात पडला. रस्त्यात झालं असतं तर.

वळसा सैल केला. आता सुटते. वीसदा बघितलं.

२२ डिसें., रवि

स्विच कुठे? सगळा रविवार यात गेला आणि फार मजेत गेला.

पहिली जागा: मीटरशेजारी. दिसायला झकास, कंपनीनेच दिलाय असं वाटेल. पण तिथवर जायला हात मुठीवरून उचलावा लागतो. मुठी गरम ठेवायच्या आणि हात काढायचा, काय उपयोग!

दुसरी: हॉर्नच्या खाली. अंगठा आपसूक जातो. इतका आपसूक, की चौकात म्हशी आडव्या आल्या आणि मी हॉर्नऐवजी मुठींचा खटका वर केला. म्हशी हलल्या नाहीत.

तिसरी: आरशाच्या नटखाली पत्र्याची काटकोनी पट्टी, तिच्यात भोक पाडून स्विच. सं.ने कानशीने कडा घासून दिल्या. अंगठा वर नेला की दांडी लागते, हॉर्नशी गल्लत नाही. नाचायचीच बाकी होते. मग सं.ने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. ठक्क. दांडी टाकीवर. टाकीचा रंग उडाला, टिकलीएवढा. मी "आई ग" म्हणाले, तो म्हणाला, "आत्ता कळलं ते बरं." पट्टी बाहेरच्या अंगाला वाकवली. आता डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, कुठे लागत नाही, वायर ताणत नाही, दांडीचं तोंड खाली म्हणजे दव पडलं तरी निथळेल.

रिले? "उद्या नक्की." मी त्याच्या हातातून पक्कड घेतली आणि वायर सरळ बॅटरीवर जोडली, मध्ये एक फ्यूज टाकून. तो म्हणाला, "स्विच बंद करायला विसरशील." मी म्हटलं, मी विसरणारी वाटते का तुला.

२३ डिसें., सोम

अहाहा!

शहर सोडलं, खटका वर. खट्ट. पुलावर येईपर्यंत तळहात उबदार, पुढच्या फाट्याला बोटांची टोकंसुद्धा. धुकं होतं, गारठा होता, मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते. दहा कि.मी.नंतर जास्त वाटायला लागलं, खटका खाली. न बघता! समोर ट्रॅक्टर होता, नजर त्याच्यावरच. पोचले आणि पहिलं काम केलं ते सुईत दोरा ओवायचं. पहिल्या झटक्यात गेला. परत काढला, परत ओवला. शिपाईमामा बघत होते, म्हणाले, "मॅडम, काय शिवनं शे?"

काहीच नाही शिवायचं, मामा. हात आहेत, हात!

सं.ला दिवसभरात चार फोन केले. चौथा त्याने उचलला नाही.

२४ डिसें., मंगळ

गाडी मेलेली. बटण दाबलं, टक्क, पुढे काही नाही. फ्युएल-इंजेक्शनवाली गाडी, बॅटरीच नसेल तर किकनेही घेत नाही. आज तीन गावांत लसीकरण, पन्नास जनावरं दोरीला धरून लोक उभे, आणि मी अंगणात किक मारतेय. शेवटी सं.ने शेजाऱ्यांची स्कूटर मागून आणली.

खटका खालीच होता. काल संध्याकाळपासून. कोमट, रात्रभर.

विसरले असंही म्हणता येत नाही. मला आठवतंय, चावी काढली, खटक्याकडे बघितलं आणि तसाच ठेवला. भडगावला आमच्या मळ्यात मोटारीचा स्विच कधी कुणी बंद करत नाही. लाइट गेली तरी तो चालूवरच. लाइट येईल तेव्हा येईल, मोटार आपली आपण सुरू होईल, पाटाला पाणी लागेल. लहानपणी मी एकदा शहाणपणा करून बंद केला होता, तर आबांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं होतं. हाताला तेच वळण. मला चावी काढणं म्हणजे लाइट जाणं वाटलं.

हसले आधी. मग स्कूटरवरून जाताना हसू गेलं. हीच सकाळ चांदीची असती तर?

२५ डिसें., बुध. सुट्टी

सं.ला सगळं सांगितलं. चोखणं, दोन श्वास, अक्काचं पाठ फिरवणं. तो रिले बसवत खाली बसला होता, मी वरून टॉर्च धरली होती, तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. मला वाटलं म्हणेल, तुझा काय दोष. म्हणाला नाही. "म्हणून घेतल्या का मुठी?" एवढंच. मग आधी जोडलेला एकूणएक सांधा त्याने उलगडला, पुन्हा सोल्डर मारला, वरून नळी चढवली. चहा तिथेच गार झाला. मी रडले थोडी. टॉर्च हलायला लागली तर म्हणाला, "नीट धर."

आता चावीवर आहे. खटका वर असो की खाली, चावी काढली की मुठी बंद. चावी लावली की जिथे खटका असेल तसं सुरू. भडगावच्या मोटारीसारखंच! माझं वळण मोडायला नको, गाडीचंच बदललं.

आबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "मंग, मी काय सांगत होतो?"

४ जाने., शनि

अकरा दिवस, एकदाही दगा नाही. रोज पोचल्यावर सुईदोरा. एकूण नापास: एकदा, आणि तेव्हा दोराच पिंजलेला होता.

चांदीची कास उतरायला लागली, म्हणजे विण्याचे दिवस जवळ आले. अक्काला सांगितलं, काहीही वाटलं तरी फोन कर, उजाडायची वाट बघू नको. मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे तीन दवाखान्यांचा भार आहे, ते वेळेवर पोचतील याचा भरवसा नाही. म्हणजे मीच.

भीती वाटते. हात गरम असले आणि तरीही कळलं नाही तर? मग थंडीवर ढकलता येणार नाही.

१४ जाने., मंगळ

संक्रांत. दवाखान्यातून अक्काकडे तिळगूळ द्यायला. चांदी अजून नाही. अक्का दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, खटक्याला बोट लावलं.

"हाई काय शे व माय?"

चावी लावली, खटका वर केला, म्हटलं, धर मुठी. अक्काने दोन्ही हातांनी धरल्या. नऊवारीतली अक्का, मोटारसायकलच्या मुठी धरून उभी. ऊब लागली तशी डोळे बारीक केले. बराच वेळ उभी राहिली. मी आपली सांगत सुटले, रिले, बोअरचा स्विच, कांतीशेठ, टाकीवरची टिकली. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे. शेवटी एकच विचारलं, "काबर करं एवढं?"

म्हटलं, थंडी वाजते म्हणून.

 आणि तिळगूळ तिच्या हातावर ठेवला.

१७ जाने., शुक्र. अक्काच्या ओट्यावर

हे गाईच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहितेय. घरी गेल्यावर वहीत उतरवीन. आत्ता लिहिलं नाही तर फुटेन.

पावणेसहाला फोन. "बठ्ठं सोडीसन ये, चांदी अडनी." सगळं सोडून, नुसता स्वेटर चढवून बाहेर येते तर सं.ने गाडी काढून सुरू करून ठेवलेली आणि खटका वर. धरल्या तेव्हा मुठी गरमच होत्या. 

सव्वीस कि.मी. समोर पांढरं धुकं, दहा हातांपुढे काही नाही. गाणं नाही म्हटलं. बोटं एकेक करून हलवत होते, आहेत ना, आहेत ना. होती.

गोठ्यात आले, बाही वर, लांब मोजा, हात आत. सगळं कळत होतं! एक पाय पुढे, दुसरा गुडघ्यात दुमडलेला. डोकं. जबडा. तोंडात बोट दिलं आणि थांबले.

काही नाही.

मग जिभेने बोट ओढलं. बारीकसं. परत ओढलं. मी ओरडले, "चोखी राहिनं! अक्का, चोखी राहिनं!" चांदीसुद्धा दचकली असेल. मग सावकाश नाही केलं काही. वासरू मागे सारलं, दुमडलेला पाय तळव्यात धरून सरळ केला, दोरी लावली, चांदी कळ द्यायची तेव्हा अक्का आणि मी मिळून ओढायचो. बाहेर आलं. नाक पुसलं, काडी फिरवली, शिंकलं. तिसरा श्वास घेतला तेव्हा मी मोजायचं सोडलं. कालवड आहे.

हात धुताना अक्का पाणी ओतत होती. एकाएकी लोटा खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात तिच्या हातांत घेतले.

"आज गरम शेतस," म्हणाली. "गया साल थंडागार व्हतात. मी देखेल व्हतं."

आणि चहा ठेवायला आत गेली.

काय पाहिलं होतं? हात, की ते दोन श्वास? पाठ वळवली होती ना तिने? की बादली उचलताना बघितलं, आणि वर्षभर मला चहा पाजत राहिली? मी इथे ओट्यावर बसलेय. गाडी समोर उभी, खटका वरच राहिलाय, राहू दे, चावी माझ्या खिशात आहे. आतून आल्याचा वास येतोय.

कालवडीने मागचे पाय उचलले. पडली. चांदी चाटतेय. परत उचलले. पुढचे गुडघे अजून जमिनीवरच आहेत.

अक्का चहा घेऊन येतेय. कालवड उभी राहिली की विचारते.